जित्राबाचं पातं

सोयाबीन निघून गेलं की रानाला आपण किती मोठं आहोत हे पुन्हा आठवतं. चार महिने पिकानं झाकलेली जमीन एकाएकी उघडी पडते. बांध दिसू लागतात, बांधांवरच्या बोरी दिसू लागतात, कोणाचं शेत कुठे वळतं ते दिसू लागतं. मध्ये तुरीच्या ओळी तेवढ्या उभ्या असतात, अंगभर पिवळी फुलं घेऊन, पाहुणे निघून गेल्यावरही मांडवात रेंगाळणाऱ्या बायकांसारख्या. मळणीयंत्रातून उडालेला भुसा रस्त्याकडेच्या बाभळींवर बसलेला असतो. वसमतहून औंढ्याकडे निघालेल्या एसटीच्या खिडकीतून त्याचा गोडसर, नाकाला चावणारा वास आत येतो. यंदाही आला. या वासामागून दरवर्षी मला आधी मेंढरं आठवतात आणि मग चाकू.

हे दोन शब्द शेजारी ठेवले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक सावली येते, हे मला ठाऊक आहे. ती आधीच दूर करते. आमच्या घरचा चाकू मारण्याचा नव्हता. विकलेला मेंढा ज्यांच्या हाती जाई त्यांची हत्यारं निराळी. ती आमच्या वाघुरीच्या आत कधी आली नाहीत. वाघूर म्हणजे मेंढरांभोवती काठ्या रोवून ताणलेली दोरीची जाळी. तिच्या आत जो चाकू चाले तो जन्माच्या आणि दुखण्याच्या कामाचा. खुरात रुतलेला काटा कोरून काढायचा, वाढलेला खूर तासायचा, पिकलेल्या गळवाला वाट करून द्यायची. आणि सोयाबीननंतरच्या या दिवसांत, जेव्हा मेंढ्या एकीमागून एक व्यायला लागतात, तेव्हा एखाद्या कोकराची लांब राहिलेली नाळ कापायची.

आमच्या घरात या दिवसांना कार्तिक-मार्गशीर्ष असं कोणी म्हणत नसे. ते कोकरांचे दिवस होते. सकाळी दवानं भिजलेल्या लोकरीला एक जड, कोंदट, तरीही जवळचा वाटणारा वास येतो. पावसात भिजलेल्या घोंगडीचा येतो तसा, पण त्यात दुधाची एक धार मिसळलेली. नुकतं जन्मलेलं कोकरू उभं राहू पाहतं तेव्हा त्याचे चारही पाय चार दिशांना जायचं ठरवतात. आणि मेंढी घशाच्या अगदी तळातून घुमते. एरवी वर्षभर ती बेंबाटत असते. हे घुमणं मात्र फक्त पहिल्या काही तासांसाठी असतं, फक्त त्या ओल्या जिवासाठी. लहानपणी मी वाघुरीला कान लावून ते ऐकत असे. पुढे पुष्कळ कविता वाचल्या, शिकवल्या. त्या आवाजाला बसेल असा शब्द काही सापडला नाही.

अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, चाकू दोन पात्यांचा होता. काळ्याभोर म्हशीच्या शिंगाची मूठ, तिच्या दोन्ही टोकांना पितळेच्या छोट्या टोप्या, आणि दोन्ही टोकांतून निघणारं एकेक पातं. दोन्ही पाती सारख्याच लांबीची. बंद केला की चाकू तळहातावर एखाद्या चिमुकल्या होडीसारखा विसावे. उघडताना आतली कमान आधी थोडा नकार देई आणि मग एकदम कबूल होई. काळ्या लोकरीच्या वळलेल्या दोरीनं तो अप्पांच्या बंडीच्या काजाला बांधलेला असे. अप्पा चालताना आम्हांला त्यांच्या पावलांआधी त्या दोरीचा झोका दिसे.

दोन पात्यांचा एक नियम होता. एक पातं माणसांच्या खाण्याचं: कांदा, जांब, वाळूक, उसाचं कांडं. दुसरं जित्राबाचं, म्हणजे मेंढरांच्या कामाचं. ही वाटणी कधी मोडायची नाही. नियम कोणी मला शिकवला नाही. तो मी मोडला तेव्हा मला कळला. आठ-नऊ वर्षांची असेन. अप्पा बांधापलीकडे पाणी पाजत होते आणि बंडी बोरीवर टांगलेली होती. झाडावरून काढलेला जांब, म्हणजे पेरू, माझ्या हातात होता, आणि जे पातं आधी निघालं त्यानं मी तो चिरला. दोन फोडी खाऊन झाल्या तोच अप्पा आले.

"कोन्त्या पात्यानं कापलास?"

"ह्या."

त्यांनी चाकू घेतला, अंगठा एकदा फिरवला. "हे जित्राबाचं हाय, माय. थुक. थुकून टाक ते."

"काय होतंय त्यानं?"

"तुला काय बी व्हत न्हाई. पर आज तू हिकडून तिकडं गेलीस, उद्या म्या जाईन. कांद्या-मिरचीचं पातं कोकराच्या बेंबीला लागलं म्हंजी?"

भाकरी घेऊन आलेली माय, माझी आई, लांबून ओरडली, "लेकराला काहून भेव दाखवून राहिलाव? थांबा, शिंगं फुटत्यात का बघू तिला!"

पुढचे तीन दिवस मी कोणी पाहत नाही असं बघून कपाळाच्या वरचा भाग चाचपत होते. अप्पांनी मात्र ते पातं राखेनं घासलं, विस्तवावर धरलं आणि दिवसभर उन्हात उघडं ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. देवघरातली समई पुसताना माणसाचा चेहरा होतो तसा काहीतरी होता. मोठेपणी कोणी याला शिवाशिव म्हटलं, तेव्हा मी कळवळून नाही म्हणाले. ती काळजी होती. एकाच मुठीत जन्मभर पाठीला पाठ लावून राहायचं आणि एकमेकांच्या कामात मात्र यायचं नाही, इतकी साधी आणि इतकी अवघड काळजी.

मी वसमतला शिकवायला लागले आणि चाकू जमवायला लागले. पहिला औंढ्याच्या यात्रेत घेतला, सतरंजीवर मांडलेल्या आरशा-कंगव्यांच्या ओळीतून. दुसरा एका सहशिक्षकानं आणून दिला. त्याच्या वडिलांचा होता आणि घरात आता कोणाला नको होता. मग लोकांना माहीतच झालं. सेनगावच्या बाजारात सुपारी विकणाऱ्या एका आजोबांनी स्वतःचा चाकू पुढे केला. "आता पुड्या आल्या, बाई. सुपारी कोन कातरून राहिलं?" असं म्हणताना ते हसत होते, पण चाकू माझ्या हातात ठेवल्यावरही त्यांची बोटं त्यावरून लवकर उठली नाहीत. एके काळी या भागात प्रत्येक पिकल्या मिशीच्या माणसाच्या खिशात एक चाकू असे. तो आता खिशांतून निघून माझ्या कपाटातल्या पेटीत येऊ लागला. कोणाची मूठ सागवानी, कोणाची सांबराच्या शिंगाची, एकीवर कोरलेला मोर, ज्याची चोच कोणाच्या तरी अंगठ्यानं झिजवून टाकलेली. मी खोबरेल तेलाचा बोळा फिरवून गंज काढी, पितळ चिंचेनं उजळी, आणि रविवारच्या दुपारी निळ्या मखमलीवर त्यांना ओळीनं निजवी. तेवीस झाले होते. शाळेत बायका म्हणत, "मॅडमचं सोनं बघा, धार लावून ठेवलंय."

त्यांतला एक, लहानसा, दोन पात्यांचा, माझ्या पर्समध्ये असे. औंढ्याच्या देवळात गर्दीच्या दिवशी पिशव्या तपासणाऱ्या एका महिला पोलिसाच्या हाती तो लागला.

"म्याडम, हे काय हाय?"

"चाकू."

"ते दिसून राहिलं. बाईमानसाच्या पर्समधी काहून?"

"जांब कापायला."

तिनं दुसरं पातं उघडलं. "आन हे?"

"ते मेंढरांसाठी."

तिनं माझ्या इस्त्रीच्या साडीकडे पाहिलं, पर्समधल्या उत्तरपत्रिकांकडे पाहिलं. "मंग मेंढरं कुठं बांधलीत? पार्किंगमधी?"

रांगेतल्या बायका खळखळून हसल्या, मीही हसले. दर्शन घेऊन आल्यावर तिनं चाकू परत देत म्हटलं, "घ्या तुमची मेंढरं." बाहेर आल्यावर मात्र ते हसू माझ्या तोंडात थोडं कडवट झालं. माझ्या पर्समधल्या त्या दुसऱ्या पात्याला कधी कोणती मेंढी लागली नव्हती. नियम मी पाळत होते. ज्यासाठी तो होता ते माझ्याजवळ नव्हतं.

ज्या हंगामाबद्दल मी लिहिते आहे तो यानंतरचा, काही वर्षांपूर्वीचा. अप्पांना काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जी उरली आहे ती थेंब टाकून सांभाळायची. मेंढरं आता माझा धाकटा भाऊ दत्ता पाहत होता. अप्पा रानात जात, पण एका कामासाठीच. मेंढी व्यायली की दत्ता हाक मारी, अप्पा गुडघ्यांवर बसत, ओल्या कोकराच्या पोटावरून बोटं फिरवत बेंबीपर्यंत येत, आणि नाळ बोटभर ठेवून कापत. त्या वेळी त्यांचे डोळे मिटलेले असत. पाहणाऱ्याला वाटे, आंधळं होत चाललेलं माणूस किती चाचपडतंय. पण ते चाचपडणं नव्हतं. साऱ्या दिवसात तेवढ्या एका क्षणी त्यांना कोणाचा हात धरावा लागत नसे.

दिवाळीला मी घरी होते. चाकूचं पितळ काळवंडलं होतं, मूठ मेणचट झाली होती. मला तो माझ्या तेविसांपेक्षा देखणा वाटे, आणि त्याचं देखणेपण असं मळात बुडालेलं पाहवेना.

"अप्पा, चाकू द्या. कोकरं यायच्या आत पॉलिश करून आणते."

"काहून? धार हाय की त्याला."

"धार आहे, पण रूप गेलंय."

"रूप कोन बघून राहिलं? मला तर तूबी धुकटावानी दिसतीस."

"मी बघते ना."

ते हसले. बंडीच्या काजातून लोकरीची दोरी सोडवायला त्यांना वेळ लागला. मी मदत करू पाहिली तर हात बाजूला सारला.

वसमतला पितळेची भांडी उजळून देणारे एक म्हातारे चाचा आहेत. त्यांच्या दुकानात चाक फिरतं तेव्हा हवेत धातूचा आंबट वास सुटतो आणि चाचांच्या पांढऱ्या भुवया हिरवट होतात. त्यांनी चाकू उलटापालटा करून पाहिला, कमानीचा नकार आणि होकार ऐकला. "चीज बढिया है, बाई. हातातली हाय, दुकानातली न्हाई." मग एक टोक माझ्यापुढे धरलं. "ह्या टोपीवर दोन काप हैत, बघा. ठिवू का काढू?"

मी पाहिलं. काळवंडलेल्या पितळेवर दोन आखूड रेघा होत्या, शेजारीशेजारी. मला ते ओरखडे वाटले; कधी दगडावर पडला असेल.

"काढा. दोन्ही टोकं सारखी दिसली पाहिजेत."

"बराबर सोचके बोल्या ना? एक बार गया तो गया."

"काढा हो चाचा."

संध्याकाळी चाकू हातात आला. दोन्ही टोप्या नव्या नथीसारख्या पिवळ्याधमक. एका पात्यावर वर्षानुवर्षांच्या कांद्याची आणि जांबाच्या चिकाची निळसर काळिमा होती, दुसऱ्यावर तांबूस डाग. दोन्ही गेले होते. दोन्ही पात्यांत माझा चेहरा दिसत होता, सारखाच.

रेशमी रुमालात गुंडाळून तो मी अप्पांच्या हातात दिला. त्यांनी रुमाल सोडला. अंगठा एका टोकावर गेला, मग दुसऱ्या टोकावर, मग पुन्हा पहिल्या. मला वाटलं, गुळगुळीत झालेल्या पितळेचं त्यांना कौतुक वाटतंय.

"चांगला झाला गं, माय," ते म्हणाले. "लई चांगला झाला."

चार दिवसांनी हंगामातलं पहिलं कोकरू जन्मलं. सकाळचं ऊन तुरीच्या फुलांवर नुकतं चढत होतं. दत्तानं हाक मारली. अप्पा बसले, बोटं पोटावरून बेंबीपर्यंत गेली. चाकू उघडण्याआधी ते थांबले. इतका वेळ थांबले की दत्ता म्हणाला, "काय झालं, अप्पा?" "काय न्हाई," म्हणून त्यांनी एक पातं उघडलं आणि नाळ कापली. तिसऱ्या दिवशी त्या कोकराची बेंबी फुगली. ते आईजवळ उभं राही, पण थानाला तोंड लावीना. पाचव्या दिवशी सकाळी मेंढी त्याच्याशी घुमत उभी होती आणि ते उठत नव्हतं.

"दरसाली एखादं जातंच की," दत्ता म्हणाला.  दुपारी मी वसमतला निघाले तर अप्पा दारात आले आणि चाकू माझ्या हातात ठेवला.

"तुझ्याकडंच ठिव आता. चोविसावा."

"आणि तुम्हांला?"

"मला काय करायचंय? दत्तानं दवाखान्यातून कात्री आनलीय, जांभळं औषद आनलंय. नवीन पद्धत बरी आसती." मग थोडं थांबून, "तुझ्याकडं शोभंल."

मला आनंद झाला. हे लिहायला जड जातं, पण झाला. एसटीत मी पर्स मांडीवर धरून बसले होते. घरी येऊन मखमलीच्या मधोमध जागा केली, बाकीच्यांना दोन्ही बाजूंना सरकवलं. पंधरा दिवस तो तिथे चमकत होता आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला पेटी उघडून दाखवत होते.

पुढच्या खेपेला मी रानात गेले तेव्हा अप्पा बांधावर बसलेले दिसले, वाघुरीकडे पाठ करून. आत एक मेंढी व्यायली होती. दत्ता कात्री घेऊन वाकला होता.

"लांब हाय का रं नाळ?" अप्पांनी मान न वळवता विचारलं.

"व्हती. कापली."

"बरं."

एवढंच. मग ते समोरच्या तुरीकडे पाहत राहिले, जी त्यांना पिवळ्या धुरासारखी दिसत असणार. त्यांचा उजवा अंगठा मात्र बंडीच्या रिकाम्या काजावर फिरत होता.

माय आंब्याखाली भाकरी सोडत बसली होती. मी तिच्याजवळ टेकले. "अप्पा असे का बसलेत गं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "तू त्या खाचा काढून आनल्यास ना, पोरी."

"कोणत्या खाचा?"

"टोपीवरच्या. दोन व्हत्या. त्येंच्या बापानं कानशीनं पाडल्या व्हत्या त्या. जित्राबाच्या पात्याच्या अंगाला. पाऊस आसू दे, घोंगडीखाली आसू दे, बोटाला कळायचं कोन्तं टोक कोन्तं. आन आता तर भर उन्हातबी बोटंच हायेत त्येंच्याकडं."

मला चाचांच्या दुकानातला तो आंबट वास आला. खरोखर आला. "मग मला सांगितलं का नाही?"

"म्या म्हनलं, सांगा. तर मलाच दटावलं. म्हनं, लेकीनं एवढ्या हौसेनं रूप देऊन आनलंय, तिच्या हौसेत आपून खोट काढू ने."

"आणि ते कोकरू?"

"त्येंला वाटून राहिलं की कांद्याचं पातं लागलं. मला न्हाई वाटत. तू तर दोन्ही पाती चकचकीत करून आनली व्हतीस. पर त्येंला वाटतंय. 'आता माझ्या हाताचा भरोसा न्हाई' म्हनले." तिनं भाकरीचा तुकडा माझ्यापुढे केला. "जेव. रडू नको. रडून खाचा पडत्यात का?"

त्या आठवड्यात मी पेटी उघडून खूप वेळ बसत असे. तेवीस चाकूंच्या तेवीस मुठींवर मी पहिल्यांदाच डोळे मिटून बोटं फिरवली. एकीच्या कडेला एक खड्डा होता. एका टोपीला तीन टोचे होते. एका पात्याच्या मुळाशी कोणी तार गुंडाळली होती, आणि ती कुरूप म्हणून मी सोडवून टाकली होती. किती माणसांची किती वाक्यं मी तेलाचा बोळा फिरवून पुसली असतील, कोण जाणे. मी चाकू पाहत होते. ज्यांचे ते होते, त्यांनी ते कधी पाहिलेच नव्हते. माणूस स्वतःच्या हाताकडे कुठे पाहत असतो?

रविवारी अप्पांचा चाकू आणि लोहाराकडून मागून आणलेली एक बारीक कानस घेऊन मी निघाले. औंढा ओलांडून जीप घाटाला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की खाचा कोणत्या टोकाला पाडायच्या हे मला माहीत नाही. चाचांनी टोक माझ्यापुढे धरलं होतं, पण कोणतं? जीपमध्येच मी दोन्ही पाती उघडली, निरखली, हुंगली. दोन्हींना खोबरेलाचा वास. शेजारचा माणूस अंग चोरून खिडकीकडे सरकला.

अप्पा बांधावरच होते. मी चाकू त्यांच्या हातात ठेवला. न विचारता त्यांना कळलं.

"हे काहून आनलंस?"

"खाचा पाडायच्यात. कोणतं टोक, सांगा."

त्यांनी चाकू फिरवला, उघडला, मिटला, पुन्हा फिरवला. दोन्ही पाती कानाजवळ नेऊन कमानीचा आवाज ऐकला. 

"मलाबी न्हाई सांगता येत," शेवटी ते म्हणाले. आणि मग, माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता तरी, हसले. "इतकी शिकलीस अन् दोन्ही टोकं एक करून बसलीस."

"आता काय करायचं?"

"काय करायचं? दत्ता करतोय की." हसू विझलं. "त्येचं बरं चाललंय. माझा हात चुकला, माय."

"हात नाही चुकला. मी चुकले. हाताला विचारलं असतं तर हातानं सांगितलं असतं."

 वाघुरीत कुठलीशी मेंढी पायानं माती उकरत होती. अप्पांचं डोकं त्या आवाजाकडे आपोआप वळलं. व्यायला झालेली मेंढी अशी उकरते.

"इस्तू हाय का आंब्याखाली?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"दोन्ही पाती धर त्यावर. चांगली. मागचं समदं जाऊ दे. मंग एक तू ठरीव."

"मी?"

"तूच मिटवलंस, तूच ठरीव. आजपासून ते जित्राबाचं."

मी पाती विस्तवावर धरली. चाचांनी दिलेली चमक माझ्या डोळ्यांदेखत जांभळी झाली, मग काळपट. मी एक टोक निवडलं. का तेच, ते सांगता येणार नाही. पण आयुष्यात इतक्या भीतीनं मी काही निवडलेलं नाही. टोपी दगडावर टेकवून कानस ओढली. पितळ किंचाळलं.

"हळू, हळू!" अप्पा म्हणाले. "खूर तासायलीस का?"

दुसरी खाच जरा तिरपी गेली. मी फुंकर मारून चाकू दिला. त्यांचा अंगठा टोपीवर गेला, खाचांवर थांबला, मागे आला, पुन्हा गेला.

"लई खोल केल्यास. आन बापाच्या सरळ व्हत्या."

"पुन्हा करू?"

"ऱ्हाऊ दे. शिकंल बोट."

वाघुरीतून दत्ताची हाक आली. ती मेंढी व्यायली होती. दत्ताच्या शर्टाच्या खिशात कात्री होती. तिची लाल मूठ मला इथून दिसत होती. "अप्पा," तो म्हणाला, "नाळ लांब हाय हो. या बरं जरा."

अप्पा उठले. मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. जाळी चाचपत आत गेले, गुडघ्यांवर बसले. मेंढी घुमायला लागली होती. ओल्या पोटावरून बोटं बेंबीपर्यंत गेली. दुसऱ्या हातातला चाकू एकदा फिरला, अंगठ्यानं टोक शोधलं, थांबला, मग पातं उघडलं. त्यांनी डोळे मिटले. दत्ता आणि मी एकमेकांकडे पाहत नव्हतो. नाळ बोटभर ठेवून कापली गेली. दत्तानं वरून जांभळं औषध टाकलं आणि त्याला कोणी नको म्हटलं नाही. त्या कोकराचं पुढे काय होईल हे त्या क्षणी आम्हांला ठाऊक नव्हतं. ते जगलं, पण ते नंतरचं.

अप्पांनी पातं गवतावर पुसलं, मग धोतराच्या सोग्याला, आणि मिटलं. मी जाळीबाहेर उभी होते. इतक्या वर्षांच्या सवयीनं, जुना चाकू दिसला की जातो तसा, माझा हात तळवा वर करून पुढे गेला होता. अप्पांनी चाकू बंडीच्या खिशात टाकला आणि वरून गुंडी लावली. त्यांना तो हात दिसला नसेल. किंवा दिसला असेल. मी अजून विचारलेलं नाही.